वाईट फेरी

दि. ३ जानेवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि. साष्टांग मात्र कागदावरच. मान अशी आखडली आहे की कुणालाही नमस्कार केला तरी तो त्याच्या शेजारच्याला पोचतो.

इथे फोन गेटवरच काढून घेतात, म्हणून हा पत्रप्रपंच. गेममध्ये गाड्या पळवून जगात पहिली आले आणि शर्यतीच्या संघाने बोलावलं, हे तू सगळ्या ऑफिसात सांगितलंस ना? आता जरा हळू सांग. आम्ही दोघं उमेदवार आणि गाडीतली जागा एक. दुसरा लहानपणापासून खऱ्याखुऱ्या गाड्या पळवणारा. महिनाअखेरच्या शर्यतीत दोघांनाही एकेक गाडी, त्यानंतर संघाचे सर ठरवणार, कोण राहणार.

वेगाची भीती नाही वाटत. माझं दुखणं वेगळंच. पहिल्या वळणावर जरा चुकलं की माझा पाय आपोआप ढिला पडतो. गेममध्ये चुकलं की बटण दाबायचं, फेरी पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांत बिघडलेली फेरी मी कधी पुरी केलीच नाही, मामा! सर म्हणतात, तुला फक्त चांगली फेरी येते, वाईट फेरी चालवायला शिक. म्हणून आता रोज पहिलं वळण मुद्दाम बिघडवून उरलेली फेरी काढायला लावतात. डोकं फिरायची वेळ आली आहे. आईला यातलं अवाक्षर सांगू नकोस.

लोभ आहे तसा चालू दे, त्याला ब्रेक नको.

तुझी भाची,
ठमी


दि. ९ जानेवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तू मागितलेले नाहीस, तरी ठेवून घे.

आईला सांगू नकोस म्हणालीस, पण तुझं पाकीट ताईनेच फोडलं. तेव्हा तो विषय संपला.

विम्याच्या कामासाठी मी दिवसभर चेपलेल्या गाड्या बघत हिंडतो. प्रत्येक मालक शपथेवर सांगतो की झाड अचानक आडवं आलं. तुझं बटणाचं कारण त्याहून बरं, एवढंच. अगं, ही खोड गेमची नाही, घराण्याची आहे. एक टाका चुकला की तुझी आई अख्खा स्वेटर उसवते. मी कितीतरी हिवाळे एका बाहीवर काढले आहेत.

ताईचं म्हणणं, हरेल आणि येईल मुकाट्याने घरी, मग करेल कुठेतरी खुर्चीवरची नोकरी. मी म्हटलं, खुर्चीवर बसूनच तर पोरीने एवढा घोळ घातलाय. तेव्हापासून अबोला. शर्यतीला पाऊल टाकणार नाही म्हणते. मी मात्र येणार. ठोकण्याआधी गाडी कशी दिसते, ते मलाही एकदा बघायचंय.

ताईच्या रागात माया आहे, ती गाळून घे.

मामा


दि. ३१ जानेवारी

ती. मामास,

नमस्कार, या वेळी कमरेपर्यंत वाकून.

पाऊल न टाकणारी आई पहिल्या रांगेत दिसली तेव्हा मी आधी हेल्मेटची काच खाली ओढली. तुम्हाला बाहेरून दिसलं ते एवढंच, की पहिल्याच वळणावर मागच्याने ढुशी दिली आणि मी गरकन फिरून खडीत गेले. आतलं सांगते. माझा अंगठा स्टिअरिंगवर बटण शोधत होता. सापडलंही! ते निघालं सरांशी बोलायचं. कानात सरांचा आवाज, काय झालं म्हणून. त्यांना काय सांगणार, सगळ्यांना परत बोलवा? काही नाही म्हटलं आणि गाडी काढली. इतकी चिडले होते की फेरी वाया गेलीय हे विसरूनच गेले. सगळ्यांच्या मागे होते ती सातवी आले.

तुम्ही बस पकडायला निघालात, त्यानंतर सरांनी बोलावलं. जागा माझ्या जोडीच्या उमेदवारालाच मिळाली. तो शर्यतीत दुसऱ्या नंबरवर आला, त्यामुळे वाद घालायलाही तोंड नाही. मग म्हणाले, तू जाऊ नकोस, स्क्रीनसमोर बसून गेमसारखी गाडी चालव आणि त्याच्यासाठी गाडीची जुळणी तपासून देत जा, पगार चांगला आहे. म्हणजे अंग मोडून घेतलं ते पुन्हा स्क्रीनसमोर बसायला, आणि तेही दुसऱ्याच्या गाडीसाठी! मी नाही म्हटलं. पुढच्या निवडीला येईन म्हटलं. ते म्हणाले, ये, पण शब्द देत नाही.

आईला तूच समजाव. माझ्याच्याने होणार नाही.

रागवा, पण टाकू नका.

ठमी


दि. ५ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद, ओरड्यासकट.

चांगल्या पगाराला नाही म्हटलंस हे वाचून मी कपाळ धरून बसलो. ताईला सांगायचा धीर होईना. शेवटी जेवताना सांगून टाकलं. आधी ती तुझ्यावर भडकली, मग माझ्यावर, मग ढुशी देणाऱ्यावर, आणि शेवटी तुझ्या सरांवर जी येऊन थांबली ती अजून तिथेच आहे. खडीतून निघून सातवी आलेली दिसत नाही का त्या माणसाला, म्हणते. मी आठवण करून दिली की पोरगी हरून घरी येऊ दे असं तूच म्हणत होतीस. तर म्हणाली, ते मी म्हणायचं, परक्याने नाही.

पुढची निवड केव्हा आहे ते कळव. मला घाई नाही. ताईला ऑफिसात रजेचा अर्ज टाकायचा आहे.

माझा लोभ आहेच. तिचाही आहे, पण विचारलंस तर नाकारेल.

मामा