धागे काढलेली कादंबरी

३ ऑगस्ट, रविवार
वाचनालयाला पुस्तक वाचून दाखवणारा टॅब फुकट मिळाला. तो फुकट कितीला पडला ते लिहून ठेवतो. मेहकरच्या चकरा, किती ते आता आठवत नाही. दुकानातला एक इन्व्हर्टर कायमचा वाचनालयात, कारण आमच्या बीबी गावची लाईन संध्याकाळी टिकत नाही. वाइंडिंगला आलेल्या दोन मोटरी तशाच पडून, त्यांच्या मालकांच्या शिव्या. आणि ग्रंथपाल वर्षाताईंचं बोलणं, ते वेगळं.
"अध्यक्षसाहेब, मोटरी भरता भरता आता पुस्तकंबी भरून राह्यले का?"
म्हटलं, हाव. दोन्हीतून पाणीच काढायचं आहे. हसल्या नाहीत.
टॅब वाचनालयासाठी. खरं कुणासाठी, ते त्यांना माहीत आहे.

५ ऑगस्ट
आमच्या हिला, शोभाला घेऊन बुलडाण्याला. शुगरनं डोळ्याचा पडदा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवू. माणूस ओळखू येईल, अक्षर येणार नाही. शोभानं विचारलं, "मोठं अक्षर?" डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ती हिला दिसली नाही. मग 'नाही' मला म्हणावं लागलं.
एसटीत चिखली सुटली. मग एकदम, "त्या गंगूचं काय झालं असन हो?"
पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. तिला वाटलं घरातलं कुणी. गंगू म्हणजे वाचनालयाच्या जाड्या कादंबरीतली बाई. गाव धरणात गेलं, मुलगा हरवला, त्याला शोधत निघालेली. शोभा निम्म्याच्या पुढे गेली होती, तिथं डोळे थांबले.
म्हटलं, शेवट कुणाला तरी विचारून सांगतो.
"खबरदार! शेवट मले कोणी सांगायचा नाही. माही मीच जाईन तिथवर."

८ ऑगस्ट
वाचनालयाची फिरती पेटी आज आमच्या गल्लीत. हिरवी, पत्र्याची. बायका वाचनालयाची पायरी चढत नसत तेव्हापासून पुस्तकंच त्यांच्या दारी जातात, अजून जातात. एक पुस्तक एका वेळी चार घरी फिरतं. जी जिथं थांबली तिथं तिच्या रंगाचा धागा. दुसरीचा धागा कुणी हलवायचा नाही, हा पेटीचा कायदा.
शोभाचा जांभळा. बोटांनी चाचपून तिनं बरोबर काढला. त्या पानावर हात ठेवून बसली.
मी दुकानात निघून गेलो. बघवेना.

११ ऑगस्ट
टॅबला वाचायला द्यायचं म्हणजे पानापानाचा फोटो. धाग्यांमुळे पान सपाट बसेना, सावली पडे. म्हटलं, काढा सगळे.
वर्षाताई म्हणाल्या, "बायकांले विचारून घेऊ?"
"धागेच तर आहेत," म्हटलं. जळालेली तार मोटरीतून ओढतात तसे मीच ओढले. फोटो झकास आले. चहा सांगितला सगळ्यांना.

१३ ऑगस्ट
टॅबनं वाचलं. पुरुषाचा आवाज, एकदम स्वच्छ. शोभानं थोडं ऐकलं. म्हणाली, "हा मधात दमच घेत नाही हो. तिकडं गंगू रडून राह्यली अन् याले बस गाठायची घाई."
खरं आहे. माझा कान मोटरीवर तयार झालेला. बेअरिंग चांगलं, पण भार नाही. असा आवाज आला की समजायचं, मोटर फिरते पण पाणी चढत नाही.
टॅब बंद केला. तिनं पुस्तक मागितलं. "माह्या जागेपासून शेजारच्या मंदीकडून वाचून घेतो मी." बोटं पानांवरून फिरली. वरून खाली, परत वरून. जांभळा नाही. कुणाचाच नाही.
"काऊन काढले?"
फोटोचं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं नुसतं.
पेटीचा कायदा मी पाचच दिवसांपूर्वी याच वहीत लिहिलाय. आणि मीच

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झाल्याबरोबर बायकांनी मला वाचनालयाच्या पायरीवर धरलं. पुढं आमची शेजारीण मंदावहिनी. हिला माइक लागत नाही.
"भाऊ, तुमच्या वावराचे धुरे-बांध कोणी रातोरात काढून टाकले असते तर चाललं असतं का तुमाले?"
म्हटलं, चुकलं वहिनी. धागे जपून ठेवलेत, परत लावून देतो.
"कुठं लावता? अन् कोणाचा कुठं ते काय मोटरीच्या पाटीवर लिहिलं हाय?"
सगळ्या हसल्या. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.
मागून सुमनबाई म्हणाल्या, "मी गंगूले घाटावर सोडली होती. आता कोणता घाट, मले तरी काय आठवते?" त्या बिचाऱ्या हळू वाचतात, त्यांचा धागा दिवाळी ते दिवाळी सरकतो.
मंदावहिनींनी थोडा विचार केला. "कोणाचीच जागा नाही राह्यली ना? मंग सगळ्याच पयल्यापासून. मी वाचून फोनात टाकतो, शोभाबाई ऐकतीन. मी थांबलो तिथून दुसरीनं धरायचं."
वर्षाताईंनी उभ्या उभ्या फोनवर ग्रुप केला. नाव 'पेटी'.
घरी येऊन शोभाला सांगितलं. "मंदी वाचणार?" एवढंच म्हणाली. पण जेवली नीट.

२२ ऑगस्ट, पोळा
मंदावहिनींनी सणाच्या दिवशीही सोडलं नाही. चुलीपुढं बसून वाचलं. गंगू धरणाच्या काठाला, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, उलथन्याचा आवाज. शोभा फोन कानाला लावून, मध्येच, "गेलं! मंदीचं पुरण लागलं बुडाला."
मी ऐकलं तर खरंच, खरवडण्याचा आवाज. आणि त्यावरून वहिनींचं वाचन तसंच चालू.
संध्याकाळी वहिनींनी पोळ्या पाठवल्या. शोभानं वास घेतला आणि इतकी हसली. फार दिवसांनी.

२ सप्टेंबर
सुमनबाईंचा पहिला भाग आला. एकेक शब्द टेकत टेकत. मला वाटलं शोभा कंटाळेल. तिनं दोनदा ऐकला. म्हणते, "सुमनीच्या वाचण्यात गंगू खरंच पायी चालते."
शोभाची साखरखेर्ड्याची बहीण ग्रुपमध्ये आली. तिनं तिच्या दोन जावांना आणलं. त्यातली एक शेतात निंदायला जाताना कमरेला फोन खोचून ऐकते म्हणे.
तपासणीला साहेब आले होते. वर्षाताईंना विचारलं, पुस्तक घरी नेलं नाही तर हे वाचक कसे धरायचे?
"साहेब, गंगूचं दुःख यायले कळून राह्यलं. अजून काय पायजे वाचकाले?"
साहेबांनी चहा घेतला. वाचक धरले की नाही ते सांगितलं नाही. टॅब मात्र हातात घेऊन बघितला, छान म्हणाले.
टॅबवर आता वर्षाताई स्पर्धा परीक्षेच्या पोरींना जुने पेपर दाखवतात. चालतो चांगला. त्याचा काही दोष नाही.

११ सप्टेंबर
आज वाचनालयात जरा जास्तच बोललो. सुमनबाईंचा भाग चार दिवस झाले येईना, शोभा सारखी फोन चाचपते. मी म्हणालो, "एवढा काय वेळ लागतो हो? शेवटचं प्रकरण मले द्या. एका बैठकीत उडवतो. आवाज कसा असते ते दाखवतो तुमाले."
वर्षाताईंच्या हातात फोन होता हे दिसलं नाही. घरी येईपर्यंत माझी गर्जना 'पेटी'त. खाली मंदावहिनी: "भाऊ, पाणी चढू द्या आता!"
शोभा ओसरीवर. तोंडाला पदर. "ऐकलं बरं मी. शेवटचं तुमीच वाचायचं. अन् फोनात मागून. आधी इथं, माह्यापाशी बसून."
म्हटलं, त्यात काय.

२१ सप्टेंबर, रविवार
परवा परत बुलडाणा. उजवा डोळा आणखी उतरला. आता शोभा मला खोकल्यावरून ओळखते, दाराशी उभा राहिलो की "कोण?" म्हणते. म्हणून मी हल्ली घरात शिरताना खोकतो. उगीचच.
शेवटच्या आधीचं प्रकरण मंदावहिनींनी आज संपवलं. गंगू एका परक्या गावात एका दारापर्यंत पोचली. आत पुरुषाचा आवाज. मुलगा की दुसरा कुणी, कळत नाही. वहिनी तिथं थांबल्या, नाक ओढलं, फोन बंद.
साखरखेर्ड्याहून चार निरोप. सगळ्या माझ्यावर येऊन थांबल्यात.
शोभा म्हणाली, "तो नसला तर?"
मी म्हटलं, नसला तर नसला.
"असं नका वाचू मंग," म्हणाली.

२४ सप्टेंबर
आज बसलो. दुकान लवकर बंद केलं. ओसरीवर चटई, चष्मा, पुस्तक. शोभा शेजारी, एक हात पुस्तकाच्या कडेवर, पान उलटलं की तिला कळावं म्हणून.
पाचवी झाली तेव्हा शाळा सुटली. त्यानंतर मोटरीच्या पाट्या वाचल्या, बिलं वाचली, पेपरचे मथळे. असं सलग कधी नाही. आणि मोठ्यानं तर नाहीच. पहिल्याच ओळीला आवाज दुसऱ्याचाच वाटला. जोडाक्षर आलं की थांबतो, मागं जातो, परत येतो. एक ओळ दोनदा वाचली.
एकजण पंप घेऊन दाराशी आला. शोभाच म्हणाली, "उद्या या भाऊ, हे वाचून राह्यले."
गंगूनं कडी वाजवली. आतला माणूस "कोण?" म्हणाला. तिथं मला पुढचं वाचवेना. पाणी प्यालो. शोभा कडेवरचा हात न काढता, "बसा. सावकाश."
परत धरलं. दिवेलागणीपर्यंत धरलं.
दीड पान झालं.