चौदा इंचांची बैठक

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता आई म्हणाली, यंदाही महालक्ष्म्यांच्या पंगतीत माझं पान मांडू नका, मी मागाहून आत जेवेन. गुडघे. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे आणि खुर्चीवर ती बसणार नाही. म्हणते, सगळ्या खाली आणि मी एकटी वर, जशी काही परीक्षा घ्यायला आलेय. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात एकटी जेवली. बाहेर हशा झाला की आतून विचारायची, काय झालं गं, कोण काय म्हणालं.

निर्णय: आईसाठी बैठक बनवणार. स्वतःच्या हाताने. पाटाहून उंच, खुर्चीहून ठेंगणी. महालक्ष्म्यांचं जेवण १ सप्टेंबरला. वेळ भरपूर.

मंजुषाला सांगितलं. लग्न जुनं झालं की बायको कशाला असं विचारत नाही. तिने विचारलं, कुठे करणार पसारा. मागच्या ओट्यावर, म्हटलं. ती म्हणाली, तिथे माझी तुळस आहे, तिच्या अंगावर काही उडायला नको.

दुपारभर नवशिक्यांसाठी सुतारकामाचे व्हिडिओ पाहिले. शिकवणारा हसतमुख आहे आणि त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
उंची ठरवली. आईला विचारलं, केवढी हवी. तिने हाताने दाखवलं, एवढी. टेपने मोजली, दहा इंच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अठराच्या खाली नको. दोघांचाही मान राखला पाहिजे. सरासरी काढली, चौदा. कॉलेजात मुलांना इतकी वर्षं सांख्यिकी शिकवतो ती काय फक्त परीक्षेपुरती?

खुशी म्हणाली, बाबा, म्हणजे आजी पण नाराज आणि डॉक्टर पण नाराज. ती कॉमर्सला आहे.

मात्र एक प्रश्न मनात राहिला. डॉक्टरांना फोन मी माहितीसाठी केला, की उद्या काही झालं तर विचारलं होतं असं म्हणता यावं म्हणून? चौदा कायम.

१० ऑगस्ट, रविवार
सियागंजच्या हार्डवेअर बाजारात जाऊन करवत, गुण्या, पटाशी, स्क्रू, पॉलिश पेपर घेतला. दुकानदाराने विचारलं, भिया, कारखाना डाल रहे हो क्या. बरं वाटलं. नाही असं लगेच सांगायला हवं होतं, ते राहिलं.

मग परदेशीपुऱ्यातल्या लाकडाच्या टालीवरून फळी आणि पायांसाठी चौकोनी दांडा. खुशी स्कूटरवर मागे, फळी आडवी धरून. सिग्नलला आम्ही आख्खा रस्ता अडवला. मागच्या प्रत्येकाची माफी मागितली. एक जण म्हणाला, अंकल, सॉरी बाद में बोलना, पहले पटिया सीधा करो.

आज काम सुरू केलं नाही. हत्यारांची आधी ओळख व्हावी लागते. संध्याकाळी त्यांना तेल लावलं.

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू यतीन खाली आला. पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडे ड्रिल मशीन आहे, फोमच्या पेटीत, अजून न वापरलेली. म्हणाला, सर, लागली तर सांगा. त्याच्या आवाजात लागणारच अशी खात्री होती. मला ती आवडली नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
कॉलेजातलं झेंडावंदन आटोपून घरी. पहिला काप.

व्हिडिओतल्या सूचना पाळल्या. अंगठ्याचा आधार. आधी करवत दोनदा उलटी ओढून खाच पाडणे. दाबायचं नाही, करवतीला तिचं काम करू द्यायचं. मी करू दिलं. तिने केलं नाही. मग दाबलं.

मध्येच एक मूलभूत अडचण. पेन्सिलीची रेघ काढली, पण कापायचं कुठे? रेघेच्या डावीकडे, उजवीकडे, की रेघेवरच? रेघ दोन्ही तुकड्यांची आहे. एका बाजूला झुकणं म्हणजे दुसऱ्यावर अन्याय. बराच विचार करून रेघेवरच कापलं. पाय ठरल्यापेक्षा आखूड भरला. म्हणजे करवतीचे दात स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातात. हे कुणी सांगत नाही.

यतीन म्हणाला, सर, हे सगळेच सांगतात. जो तुकडा टाकून द्यायचा त्या बाजूने कापायचं.

पण कापण्याआधीच एका तुकड्याला टाकाऊ ठरवायचं, हे मला पटत नाही. पहिल्या पायाच्या बाबतीत प्रश्न नव्हता. शेवटी दोन्ही तुकडे टाकाऊ झाले.

१६ ऑगस्ट, शनिवार
सकाळी कचऱ्याची गाडी. लाकडाचा भुसा ओल्यात की सुक्यात? झाडापासून आलेला, म्हणजे ओला. पण हाताला कोरडा. काल त्यावर माझा चहा सांडला, म्हणजे पुन्हा ओला. चुकीच्या डब्यात टाकणं माझ्याने होणार नाही. गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सूखे में डालो साहब. मागे लाइन लागली होती.

१७ ऑगस्ट, रविवार
आज चारही पाय कापून झाले. हात बसला आहे.

पाय एकमेकांशी जुळत नाहीत. चौघांची चार मापं. घाबरलो नाही. प्रत्येक पाय तीनदा मोजला, त्याची सरासरी, मग चौघांची मिळून सरासरी. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत सुंदर आलं. लांब होते ते दोन पाय सरासरीला आणून कापले.

नंतर लक्षात आलं की उरलेले दोन सरासरीच्या खाली आहेत. खाली असलेल्यांना वर आणायची सोय लाकडात नाही.

सगळे सर्वांत आखूड पायाच्या मापाने कापा, असं मंजुषाने खिडकीतून सुचवलं. एकाच्या कमतरतेची शिक्षा तिघांना का, म्हटलं. ती म्हणाली, अहो, ते पाय आहेत, विद्यार्थी नाहीत.

२० ऑगस्ट, बुधवार
मंजुषाच्या सूचनेचा स्वतंत्रपणे विचार करून मी त्याच निष्कर्षाला आलो. सगळे पाय सर्वांत आखूड पायाच्या मापाने कापले. कापताना तोही थोडा कापला गेला. मग पुन्हा.

उंची आता अकरा इंच. आईच्या अपेक्षेच्या जवळ गेलो. डॉक्टरांपासून लांब, पण बसणार आई आहे.

गाडीवाल्याने आज विचारलं, साहब, रोज इतना बुरादा, घर में क्या बन रहा है. बैठक, म्हटलं. कितने लोगों की, म्हणाला.

२३ ऑगस्ट, शनिवार
जोडणी. यतीनची मशीन शेवटी घेतली. फळीला पाय लावले. उभी राहिली. लांबून पाहिली तर अगदी विकतची.

जवळून डुगडुगते.

माझा पहिला विचार असा की दोष माझा. दुसरा विचार असा की प्रत्येक दोष स्वतःकडे घेणं हाही अहंकारच. म्हणून फरशी तपासली. ताटात पाणी घेऊन हॉलभर फिरलो. फरशी मोरीकडे उतरती आहे. घर बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा. बैठक सरळच आहे.

खुशी म्हणाली, बाबा, पाणी तर तुम्ही पण सांडता आहात, तुम्ही पण उतरते का.

२४ ऑगस्ट, रविवार
यश. हॉलमध्ये एक जागा सापडली जिथे बैठक जरासुद्धा हलत नाही. चारही पाय पक्के. खडूने खुणा केल्या.

मंजुषाने पाहिलं. म्हणाली, इथे महालक्ष्म्या उभ्या राहतात. म्हटलं, यंदा हातभर सरकवता येतील. ओलं फडकं आणून तिने खुणा पुसल्या.

आई मात्र खूश आहे. येता-जाता बैठकीवरून हात फिरवते. आज भजनी मंडळात सांगून आली की श्रीने माझ्यासाठी स्वतः बैठक केलीय, यंदा मी तुमच्यात बसणार. तिच्या बहिणीला, शैलजामावशीलाही फोन झाला. एका पायाखाली कागदाची घडी घालून भागेल, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
काल गणपती बसले. आज बैठकीवर कुणीतरी बसून पाहणं आवश्यक.

मी बसू नये असं ठरवलं. माझं वजन आईच्या वजनाहून फार जास्त, चाचणी प्रातिनिधिक होणार नाही. मंजुषा म्हणाली, मला काम आहे. खुशी म्हणाली, मला जगायचं आहे.

यतीनला बोलावलं. तो हलकाच आहे. बसला. बैठक कुरकुरली आणि एका अंगाला अशी झुकली की बसलेला माणूस काहीतरी ऐकायला वाकलाय असं वाटावं. यतीन सावकाश उठला. म्हणाला, सर, दिसायला छान झालीय, ठेवा.

आतून आईने विचारलं, मी बसू का रे. नको, म्हटलं, पॉलिश ओलं आहे.

पॉलिश रविवारी लावलं होतं. तेव्हाच वाळलं.

३० ऑगस्ट, शनिवार
चारही कोपऱ्यांत आणखी स्क्रू. आतून आडव्या पट्ट्या. एक पट्टी चिरली. डुगडुग कमी झाली, की मला कमी वाटायला लागली? पन्नासदा हलवून पाहिली तर हातालाच सवय होते. निष्पक्ष निरीक्षक घरात नाही.

आता खरं लिहितो. तिच्यावर पाणी ठेवेन, पुस्तकं ठेवेन. आईला ठेवणार नाही. मागच्या वर्षी ती बाथरूमच्या उंबऱ्याशी नुसती अडखळली तर तीन आठवडे अंथरुणात होती. सगळ्यांदेखत, महालक्ष्म्यांसमोर ती माझ्या हातच्या वस्तूवरून खाली आली, तर नंतर कुठली सरासरी काढणार?

उद्या तिला सांगणार. स्पष्ट शब्दांत.

३१ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या आल्या. आई दारात उभं राहून त्यांना घरभर काढलेल्या पावलांवरून आत बोलावत होती. ह्या सोन्याच्या पावलांनी आल्या, ह्या मोत्याच्या पावलांनी आल्या. अशा वेळी सांगणं बरं दिसलं नसतं.

दुपारी सांगणार होतो, तर ती भाज्या निवडत होती. सोळा भाज्या असतात.

संध्याकाळी तिनेच बैठकीवर स्वच्छ खादीचं आसन घालून ठेवलं. मी म्हटलं, आई, ती बैठक. ती म्हणाली, हो, उद्या तीच. मी म्हटलं, हो.

१ सप्टेंबर, सोमवार
दुपारी आरती झाली. पंगत मांडली गेली. शैलजामावशी, भजनी मंडळातल्या सगळ्या, आणि मध्ये आईच्या पानासमोर माझी बैठक. खाली वहीचा पुठ्ठा मी आधीच सरकवला होता. तो कमी पडला. मावशीचा पाय लागला तर बैठक आपली आपण डुलली.

आई आली. एका हाताने मंजुषाचा खांदा धरला, दुसरा बैठकीवर टेकला. मी तिचा दंड धरला. स्पष्ट शब्द आठवत होते, तोंडातून मात्र एवढंच आलं, आई, ही बसायची नाही. हलते. सगळ्या ऐकत होत्या. आईने माझ्याकडे पाहिलं, मग बैठकीकडे. म्हणाली, मला माहितेय. मी गेल्या रविवारीच बसून पाहिली, तू कॉलनीच्या मीटिंगला गेला होतास तेव्हा.

मग मंजुषाला म्हणाली, गव्हाचा डबा आण गं. तेलाचा रिकामा झालेला पत्र्याचा डबा, गव्हाने गच्च भरलेला. खुशी आणि यतीनने ओढत आणला. वर सतरंजीची घडी. आई त्यावर बसली. तिच्या समोर जमिनीवरचं पान फार खाली गेलं, हात पोचेना. तेव्हा तिने माझी बैठक पुढ्यात ओढून घेतली आणि पान उचलून तिच्यावर ठेवलं.

शैलजामावशीने विचारलं, श्रीने केलेली बैठक ती कुठली. आई म्हणाली, हीच, पान ठेवायची. बसायला काय, डबे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती सांगणं माझं कर्तव्य होतं. तोंडात पुरणपोळी होती.

मावशी म्हणाली, मग माझे गुडघे काय सरकारी आहेत, मलाही डबा द्या. तांदळाचा डबा आला. मग आणखी एक जण उठली. एवढी वर्षं सगळ्या दात आवळून खाली बसत होत्या, असं निघालं.

जेवणं झाल्यावर गव्हाचा डबा मोजला. चौदा इंचाला सूतभर कमी. म्हणजे माझी सरासरी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. मंजुषाला दाखवायला टेप घेऊन गेलो. ती म्हणाली, ताटं उचला.

जेवताना आईच्या पानावर पडवळाची कढी वाढली होती. बैठक एका बाजूला उतरती, त्यामुळे वाटी आईच्या बाजूला कलली आणि सगळी कढी तिकडच्या काठाशी जमली. मी पुठ्ठा सरकवायला वाकलो, तर आईने हात धरला. म्हणाली, राहू दे रे, आपली आपण माझ्याकडे येतेय. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी काही म्हणालं आणि सगळ्या हसल्या. आईने काय झालं म्हणून विचारलं नाही. ती आधीच हसत होती.

उतार किती अंशांचा होता, मोजलेला नाही.