पॅसमोर गेला तर गेला

२३ मार्च, रविवार
हरलो. राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत, दोन पॉइंटांनी. ही वही लोरेटाने आणून दिली. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की नवऱ्याचं ब्लडप्रेशर खाली आणायचं असेल तर त्याला टीव्हीवर ओरडू देऊ नका, मनातलं लिहून काढायला लावा. ठीक आहे. मनातलं: पंच आंधळे होते.

पण पुढचं वर्ष आपलंच. टेव्हिन पॅसमोरचं अजून एक वर्ष शिल्लक आहे. तीन वर्षांपूर्वी विल्कॉट कॉलेजात आला तेव्हा काडी पैलवान होता, आज मॅचमागे बावीस पॉइंट काढतो. आणि मी काही साधासुधा प्रेक्षक नाही. पाचवी रांग, बारा नंबरची सीट, एकतीस वर्षं. मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा सामन्यांचं वेळापत्रक बघून काढली होती. टेव्हिन लांबून बास्केट टाकला की स्टँडकडे बोट दाखवतो, ते मला. तेरा नंबरवरचा हार्लन बीम म्हणतो की ते बोट मागच्या रांगेतल्या टेव्हिनच्या मैत्रिणीला असतं. हार्लनने चाळीस वर्षं पोस्टमनकी केली, आता नजर गेली आहे बिचाऱ्याची.

२५ मार्च, मंगळवार, सकाळी ७.१०
टेव्हिनने इन्स्टाग्रामवरचा आमच्या हिरव्या जर्सीतला फोटो काढून टाकला. तिथे आता एक तळं आहे. नुसतं तळं. बदकसुद्धा नाही.

८.५० माझ्या गॅरेजमध्ये सकाळपासून तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनी आधी तळ्याचं विचारलं, टेव्हिन कॉलेज सोडतोय का म्हणून, मग ब्रेकचं. मी एकदम शांत. म्हणालो, पोराला मासेमारीची आवड असेल, लगेच काय सुतक धरता.

निश्चय: फोन दिवसातून दोनदाच बघायचा.

९.०० तळं.
९.०५ तळं.
९.२० तळं. हे धरायचं नाही, घड्याळ बघायला फोन काढला होता.

२७ मार्च, गुरुवार
नाव घातलं त्याने पोर्टलमध्ये.

आमच्या वेळी पोरगं एका कॉलेजात आलं की चार वर्षं त्याच कॉलेजचं. आता कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ही यादी काढली आहे. खेळाडूने तिच्यात नाव टाकलं की देशातल्या कुठल्याही कॉलेजने त्याला बोलवावं, घर देऊ म्हणावं, गाडी देऊ म्हणावं. गुरांचा बाजार बरा, तिथे निदान बैल स्वतःहून उभा राहत नाही.

तरी घाबरण्याचं कारण नाही. नाव घातलं म्हणजे गेलाच असं नसतं, काढूनही घेता येतं. मी डायनरमध्ये सगळ्यांना हे समजावून सांगितलं. हार्लनने विचारलं, मग तू माझी कॉफी का पितोयस. म्हणालो, माझी संपली.

आणि समजा गेलाच, तर गेला उडत. विल्कॉटचा संघ तो जन्मायच्या आधी होता आणि नंतरही राहील. त्याच्यावाचून आमचं काही अडत नाही. मला तर पहिल्यापासून त्याचा बचाव कच्चाच वाटायचा.

२९ मार्च, शनिवार
त्याला पत्र लिहिलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. विनवणी वगैरे अजिबात नाही. फक्त वस्तुस्थिती मांडली: इथली माणसं, इथली माया, फ्री थ्रोच्या वेळी त्याचं डावं कोपर बाहेर जातं ते.

लोरेटाने चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, रुसून गेलेल्या बायकोला लिहितात तसं झालंय हे. मग म्हणाली, मी रुसून बहिणीकडे गेले होते तेव्हा तर तू एक ओळ लिहिली होतीस, ती पण डबा उघडायची किल्ली कुठे आहे विचारायला.

बायकांना खेळातलं कळत नाही. पत्र पाठवलं नाही, पण ते अक्षर नीट आलं नव्हतं म्हणून.

२ एप्रिल, बुधवार
आज आम्ही इतिहास घडवला.

झालं असं. थॉर्नडाईक नावाचं दक्षिणेकडचं एक मोठं कॉलेज आहे, मैदानात दरारा आणि बँकेत खोऱ्याने पैसा. त्यांचा कोच टेव्हिनला भेटायला खास विमानाने येणार अशी बातमी लागली. आमच्याकडे आता कुठल्या कॉलेजचं विमान कुठल्या नंबरचं हे पोराबाळांना पाठ असतं आणि ते कुठून उडालं, कुठे उतरणार, सगळं फोनवर दिसतं. हार्लनने नंबर काढला. विमान सरळ आमच्या जिल्ह्याच्या विमानतळाकडे येत होतं, म्हणजे जिथे एरवी फवारणीची विमानं उतरतात तिथे. मी गॅरेज बंद केलं. चाळीस माणसं जमवली. पाट्या रंगवल्या. माझ्या पाटीवर लिहिलं होतं: ‘जे पेरलं ते आमचं आहे’.

विमान उतरलं. आतून एक जाडजूड गृहस्थ बॅग घेऊन बाहेर आले. आम्ही आकाशपाताळ एक केलं. ते जागीच थबकले, पाट्या वाचल्या आणि घाम पुसत जवळ आले. ते बियाण्यांच्या एका कंपनीतून शेतकऱ्यांच्या सभेसाठी आले होते. गेल्या वर्षीचा मका उगवला नाही त्याबद्दल त्यांनी आम्हा सगळ्यांची मनापासून माफी मागितली. मग सगळ्यांना टोप्या वाटल्या.

हार्लनने विमानाच्या नंबरातल्या तिनाचा आठ वाचला होता.

घरी येताना गाडीत सगळे टोप्या उलटसुलट करून बघत होते. मीच सगळ्यांना धीर दिला. म्हणालो, मुद्द्याचं बोला, थॉर्नडाईकचा कोच आला का? नाही आला. का नाही आला? आमची तयारी त्याच्या कानावर गेली. टरकला.

टोपी चांगली आहे. डोक्याला नीट बसते.

५ एप्रिल, शनिवार, दुपार
कोच आला नाही कारण टेव्हिनच तिकडे गेला होता. फोटो आलाय. जांभळी जर्सी घालून हसतोय. वांगं दिसतंय नुसतं.

बस झालं. आपणही काही बांगड्या भरलेल्या नाहीत. गॅरेजमधला हिरवा झेंडा उतरवला. एकतीस वर्षांची वेळापत्रकं काढली, संघाचे फोटो काढले, टेव्हिनचं पुरुषभर उंचीचं पोस्टर तर दोन्ही हातांनी ओढून काढलं. भिंतीवर पांढरे चौकोन उरलेत. त्यांच्यावर टायरवाल्यांचं कॅलेंडर लावलं. आता आत येणाऱ्याला कळणारही नाही की इथे कधी बास्केटबॉलचं नाव निघत होतं. माणसाने असं मोकळं राहावं. उगाच एखाद्या पोरात जीव गुंतवायचा म्हणजे काय.

पोस्टरची गुंडाळी करून माळ्यावर ठेवली. फाडणार होतो, पण कागद चांगला जाड आहे. कामाला येईल.

१० एप्रिल, गुरुवार
राहतोय!

हार्लनच्या पुतणीने टेव्हिनला दुकानात कपडे धुण्याची पावडर घेताना पाहिलं. मोठा डबा. सर्वात मोठा. तीन-चार महिने सहज पुरेल. निघालेला माणूस कधी एवढी पावडर घेईल का? मी डायनरमध्ये हा मुद्दा मांडला तर सगळ्यांना पटला. मग आम्ही सगळ्यांनी पाय नावाचं इथलं गोड मागवलं, साखर-सायीचं, एकेक तुकडा जास्तीचा.

लोरेटाला सांगितलं. तिचं म्हणणं, स्वस्त लागली असेल. ही बाई कुठल्याही आनंदात मिठाचा खडा टाकते.

झेंडा परत लावायचा आहे. शिडी हार्लनकडे अडकली आहे, उद्या आणतो.

१४ एप्रिल, सोमवार, संध्याकाळ
थॉर्नडाईक.

त्याने स्वतःच लिहिलंय. विल्कॉटचे आभार, इथलं प्रेम कधी विसरणार नाही, आता नवा टप्पा. खाली जांभळं हृदय.

माझ्यावर काही परिणाम झालेला नाही हे इथे नोंदवून ठेवतो. दुपारी दोन गाड्यांचं ऑइल बदललं. त्यातल्या एकीचं दोनदा बदललं, कारण कामात मी चोख आहे. लोरेटा डबा घेऊन आली तेव्हा मी पिटमध्ये, गाडीखालच्या खड्ड्यात, बसलो होतो. डोळ्यांत ब्रेक साफ करायचा स्प्रे गेला होता. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “ग्लेन, तो वीस वर्षांचा आहे. तू अठ्ठावन्न.” मी म्हणालो, माहीत आहे मला. ती म्हणाली, माहीत असेल तर जेवून घे.

जेवलो.

खरं लिहायचं तर लिहितो, ही वही कोण वाचतंय. या गावातून सगळेच जातात. गाड्यांच्या ट्रान्समिशनचा कारखाना गेला. हार्लनचे दोन्ही मुलगे गेले. आमची लेक लग्न झाल्यावर फिनिक्सला गेली ती गेली, नातवाला मी फोनवरच मोठा होताना बघतो. आम्ही कुणालाही अडवलं नाही. पण हा एक पोरगा बाहेरून इथे आला होता. आपणहून. अख्ख्या देशातून त्याने आमचं गाव निवडलं होतं. मला वाटायचं, आमच्यात काहीतरी असेल म्हणूनच ना.

असो. गेला तर गेला. समोर दिसला तर असं सुनावीन की जांभळ्याचा काळानिळा होईल. चार वाक्यं तयार आहेत, तीन पाठही झालीत. कृतघ्न हा शब्द दोनदा येतो.

१९ एप्रिल, शनिवार
आला.

सकाळी नऊला गॅरेजच्या दारात एक जुनी राखाडी गाडी थांबली आणि तिच्यातून टेव्हिन पॅसमोर घडीघडीने उलगडत बाहेर आला. माझ्या हातातला पाना तसाच राहिला. पाचव्या रांगेतून दिसतो त्याहून उंच आहे. आणि हनुवटीवर मुरुमं आहेत, ती तिथून दिसत नाहीत. मागच्या सीटवर उशी, पंखा, बुटांची खोकी असं सगळं सामान भरलेलं. म्हणाला, सर, सातशे मैल जायचंय, एकदा गाडी बघून द्याल का? आजीची गाडी आहे, आवाज करते.

पहिलं वाक्य ओठावर होतं. तेवढ्यात त्याने इंजिन सुरू करून दाखवलं आणि आवाज ऐकून मी ते गिळलं. आधी बेल्ट बघायला हवा होता. माणूस एकाच वेळी दोन कामं करू शकत नाही.

बेल्टला तडे गेले होते. नव्वद मैलांतच तुटला असता, ऐन हायवेवर. नवा घातला. ऑइल बदललं, पुढचे ब्रेक पॅड बदलले, चारही चाकांत हवा भरली, पाचव्यातही भरली. यात मायेचा काही संबंध नाही. माझ्या शूप गॅरेजमधून निघालेली गाडी रस्त्यात बंद पडली तर नाव कुणाचं जाणार? थॉर्नडाईकला हसायला मी निमित्त देणार नाही.

तो बाकावर बसून होता. भिंती बघत होता, कॅलेंडर बघत होता. तास दीड तास आम्ही दोघंच होतो तिथे, मी आणि तो. मी गाडीखाली होतो. दुसरं वाक्य आठवेना, तिसरं आठवलं तर ते इतक्या जवळून बोलण्यासारखं वाटेना.

किल्ली देताना त्याने माझा हात हातात घेतला, तेलाने माखलेला असूनही. म्हणाला, थँक यू सर. मग दोन पावलं गेला आणि परत वळला. पोराला शिष्टाचार आहे, काहीतरी बोलावं म्हणून त्याने विचारलं, “सर, तुम्ही बास्केटबॉल बघता का?”

मी म्हणालो, “नाही बुवा. गॅरेजमधून वेळच होत नाही.”

तो म्हणाला, “एकदा तरी यायला हवं होतं तुम्ही. फार चांगली माणसं येतात इथे.”

म्हणालो, बघू पुढच्या वर्षी.