मनूच्या पायाचं कारण

रवि., ३ फेब्रु. ६३. जळगाव जामोद.

आज चर्चमध्ये ह्यांचा उपदेश दुःखावर. सोनार आणि भट्टी. पुन्हा! सोनं तापवल्याशिवाय शुद्ध होत नाही, तसा देवबाप आपल्या लेकरांना, वगैरे वगैरे. पाऊण तास. मंडळी माना डोलावत होती. बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या कडेला राहेल, मांडीवर मनू. मनूचा उजवा पाय नुसता पडलेला. चार वर्षांची पोर. तिच्यातलं काय जाळून काढायचं होतं म्हणे? खडीसाखर चोरून खाते ते?

मग साक्षीला, देवानं काय केलं ते सांगायला, दाविदराव उठले. रिटायर मास्तर, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींत थोरले, त्यांच्यावाचून रविवार होत नाही. गुडघेदुखीबद्दल देवाचे आभार मानले. मानोत बापडे, गुडघा त्यांचा आहे. पण मग राहेलकडे बघून म्हणाले, "जिथं दुःख लांबतं तिथं काहीतरी झाकलेलं असतं."

राहेलनं पदर ओढून घेतला. ह्यांनी वेदीवरून ऐकलं आणि गीताचा नंबर सांगितला.

मंगळ., ५ फेब्रु.

दुपारी राहेलकडे. ती शिलाई मशीनवर, मी मनूचा पाय चोळते. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं तसं, तेल कोमट, खालून वर. दिवाळीत तीन दिवस ताप आला आणि पाय गेला तो गेलाच. तीन महिने चोळते आहे. अंगठासुद्धा हलत नाही. राहेलचा नवरा भुसावळला रेल्वेत, महिन्यातून एकदा येतो, पोरीला खांद्यावर घेऊन गावभर हिंडतो आणि परत जातो.

मनू चोळता चोळता झोपली. गोदाबाई माळीण भाजीची पाटी घेऊन आली. वांगी देता देता कनवटीचा काळा दोरा काढला. "महाराजाकडून मंतरून आणला, बाई. बांधून पाहा. तुमच्या देवाचं काही बुडत नाई." मी नेहमीचं सांगितलं, आमच्यात नसतं असलं काही. "नसन त फेकून द्या. मले त्या लेकराकडं पाहवत नाई," म्हणाली आणि दोरा उंबऱ्यावर ठेवून गेली.

राहेल दोऱ्याकडे बघत राहिली. "बाई, आपल्याले बांधता येते का हो?"

नाही म्हणायचं माझं काम. वीस वर्षं तेच करते आहे. आज दोरा उचलला, मनूच्या घोट्यावर बांधला, वरून पट्टी गुंडाळली. "कोणाले सांगू नोको," म्हणाले.

दोऱ्यावर विश्वास? काडीचा नाही. प्रभूवर राग होता. तीन महिने विनवते आहे, ऐकत नाहीस ना, मग बघ आता. असलं काहीतरी डोक्यात. लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःला काही वेगळंच सांगेन.

शनि., ९ फेब्रु.

जेवताना ह्यांना विचारलं, मनूनं काय केलं होतं?

"देवाचे मार्ग..." म्हणाले. पुढचं वाक्य मीच पुरं केलं. रागावले. "तू पाळकाची बायको आहेस."

हो, आहे. आमचा प्रकाश गेला तेव्हाही होते. सव्वा वर्षाचा होता. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मंडळीपुढे उभं राहून आभार मानले. आणि सगळ्या बाया मला येऊन सांगत होत्या, किती धन्य घर तुमचं! बारा वर्षं झाली. एकेकीला धरून हलवावंसं वाटलं होतं, अजून वाटतं.

हे वाईट माणूस नाहीत. त्याच दिवशी मागच्या अंगणात चुलीसाठी लाकडं फोडता फोडता ओक्साबोक्शी रडत होते, मी पाहिलंय. मग मंडळीपुढे तसंच रडायचं ना! सोनार कशाला मधे आणायचा?

गुरु., १४ फेब्रु.

काय लिहू.

दाविदराव आणि हे राहेलकडे गेले, तेल लावून प्रार्थना करायला. मीही होते. दाविदराव म्हणाले, पट्टी सोडा, तेल थेट कातडीला लागलं पाहिजे. मी म्हटलं, वरूनच लावा ना. पण त्यांनी सोडलीच.

दोरा.

"हे कोणी बांधलं?"

राहेलनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाली, "म्या."

आणि मी उभी. तेलाची वाटी हातात धरून. तोंडाला काय झालं होतं माझ्या? दाविदरावांनी दोरा तोडून चुलीत टाकला. प्रार्थना न करताच उठले. "बाई, तेव्हाच मी म्हणालो होतो. झाकलेलं असतं."

शुक्र., १५ फेब्रु.

आज सांगणार होते ह्यांना. सकाळी म्हटलं चहा झाल्यावर, चहा झाल्यावर म्हटलं जेवण झाल्यावर. भित्री! भाजी जळाली, गडी नाही की पोर नाही, कोणावर ओरडणार. भांड्यांवर ओरडले.

रवि., १७ फेब्रु.

उपासनेनंतर वडीलमंडळी बसली. ठरलं असं: मार्चच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, राहेलनं मंडळीपुढे उभं राहून दोरा कबूल करायचा, आणि आपल्या अविश्वासामुळंच पोरीचा पाय गेला हे आपल्या तोंडानं म्हणायचं. मग तिला प्रभूच्या मेजावर घ्यायचं, भाकर आणि रस द्यायचा. तोवर नाही.

मी चहा घेऊन आत गेले होते, राहवलं नाही. "मास्तर, पाय गेला दिवाळीत. दोरा ह्या महिन्यातला. शिक्षा आधी अन् गुन्हा मागून? हा कुठला न्याय?"

दाविदराव शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "देवाला पुढचं दिसतं, बाई."

देवाला पुढचं दिसतं! म्हणजे तीन महिन्यांनी आई दोरा बांधणार म्हणून त्यानं पोरीचा पाय आधीच काढून घेतला? असा देव असेल तर त्याच्यापुढे मी झाडूसुद्धा मारणार नाही. प्रभूला शिष्यांनी हेच विचारलं होतं, हा माणूस आंधळा जन्मला तो कोणाच्या पापानं? त्याच्या की आईबापाच्या? प्रभूनं सांगितलं, कोणाच्याच नाही. चिखल कालवला आणि त्याच्या डोळ्यांना लावला. हे मी बोलून दाखवलं. "ते वेगळं," म्हणाले. काय वेगळं?

सगळं बोलले. एक गोष्ट सोडून. एवढी शूर मी.

बुध., २० फेब्रु.

राहेलला म्हटलं, मी सांगते सगळ्यांना.

"नोका सांगू. तुम्ही सांगसान त पाळकसाहेबाची नोकरी जाते, बंगली जाते. माह्यं काय जाते? दोन मिनिटं उभं राह्यचं." कापड कापता कापता सांगत होती, जसं काही मापच घेते आहे. मला बरं वाटलं. हो, वाटलं! लाज आहे का मला?

निघताना हळूच म्हणाली, "पन बाई, खरंच माह्यामुळं असन का? तो दोरा पाह्यला तवा मले आनंद झाला होता."

माझ्या गप्प बसण्यानं ही पोरीचा पाय स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहे. दाविदरावांना कशाला नावं ठेवू?

शनि., २ मार्च.

उद्याची भाकर केली. दरवेळी मीच करते, पाळकिणीचं काम. मनुका भिजवून रस गाळला. हे शेजारी बसून उपदेश लिहीत होते. मनुका पिळता पिळता सांगून टाकलं, दोरा मी बांधला.

ह्यांनी टाक खाली ठेवला. मग, "उद्या बोलू नकोस. मी राहेलला नंतर समजावीन."

"नंतर म्हणजे? पोरीला आपणच लंगडी केली हे तिनं सगळ्यांपुढे म्हटल्यावर?"

"पंचावन्नाव्या वर्षी मी कुठं जाऊ?"

खरंच कुठं जाणार? मी रस गाळत राहिले. मग हे म्हणाले, "मलाही मनूच्या पायाचं कारण माहीत नाही. पण वेदीवर उभं राहून माहीत नाही कसं म्हणू?"

वीस वर्षांत हे पहिलं वाक्य, जे मला उपदेशात ऐकायला आवडलं असतं.

रवि., ३ मार्च.

दाविदरावांनी नाव पुकारलं. राहेल मनूला सतरंजीवर ठेवून उठली. ओठ हलवत होती, पाठ करून आली होती. तिनं तोंड उघडलं आणि मी उठले.

"दोरा मी बांधला. तिनं नाही. बांधू का म्हणून तिनं मला विचारलं, मी बांधला, आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले. माझं पाप तेवढं. मनूच्या पायाशी त्याचा काही संबंध नाही, आणि आहे म्हणणाऱ्यानं प्रभूचं नाव घेऊन म्हणू नये."

"पाळकीणबाई, खाली बसा," दाविदराव म्हणाले.

"नाही बसत."

मनू "आई, बस ना, बस ना" करत होती. ह्यांचा चेहरा पांढरा पडलेला. ह्यांनी भाकरीचं ताट उचललं. एकेकाला भाकर देत बायकांच्या बाजूला आले. राहेलपुढे थांबले. दाविदराव खाकरले. ह्यांनी राहेलला दिली. दिली!

मग मला न देता पुढे गेले. बरोबरच केलं, दोरा बांधणाऱ्याला मेज नाही, नियम तोच आहे. रागही आला, खोटं कशाला बोलू. भाकर मीच भाजली होती.

मंगळ., ५ मार्च.

शुक्रवारी वडीलमंडळी ह्यांच्या नोकरीचं ठरवणार. हे दोन दिवस अंगणात झाडांना आळी करत आहेत, बोलत नाहीत. काल मात्र माझं ताट वाढून ठेवलं होतं.

आज राहेलकडे गेले. वाटलं होतं, गळ्यात पडेल. तिनं मशीनवरून मानही वर केली नाही.

"बाई, तुम्ही मधात काऊन उठल्या?"

"अगं, तुझ्यावर खोटं..."

"खोटं त खोटं. मास्तर म्हने कबूल केलं का देव ऐकते. आठ दिवस पाठ केलं म्या. म्या बोलली असती, अन् तिचा पाय आला असता त?"

"नसता आला गं, राहेल."

"तुमाले काय मालूम?" आता तिनं वर पाहिलं. असे डोळे मी तिचे कधी पाहिले नव्हते. "माह्यं पाप नाई, तुमचं नाई, पोरीचं त नाईच. मंग काऊन? सांगा ना! पाप होतं तवा काहीतरी करता तरी येत होतं. ते बी घेतलं तुम्ही."

वीस वर्षांची उत्तरं आठवून पाहिली.

"मले नाई माहीत," म्हणाले. "एवढंच माहीत आहे, प्रभूकडे आजारी माणूस आला तर त्यानं कारण विचारलं नाही. हात लावला."

"मंग त्याले सांगा," राहेल म्हणाली, "हात लाव म्हना."

मशीन सुरू केली. मी तेल कोमट केलं, मनूचा पाय मांडीवर घेतला. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. खालून वर, खालून वर. अंगठा हलला नाही.

घरी येऊन गुडघे टेकले. नेहमीची प्रार्थना सुचली नाही, आभार तर नाहीच नाही. प्रभू, तिनं सांगितलेलं तुला सांगितलं. हात लाव म्हणते. माझ्याजवळ ह्याहून जास्त काही नाही, आणि तू गप्प बसलास तर तुझ्या वतीनं तिच्याशी मी बोलणार नाही.