माझा काळानिळा डोळा

४ मार्च
निवडणुकीला मी उभी नाही, तरी माझा चेहरा घरोघरी पोचलाय. समोरच्या वहिनींनी मोबाइल नाकासमोर धरला. सुजलेला डोळा, भुवईवर टाके — मीच! खाली मजकूर : ‘सत्तर वर्षांच्या माउलीला त्या लोकांनी मारलं. आता तरी जागे व्हा, मत विचार करून द्या.’

मला कोण मारतंय? गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना घसरले. आणि ‘त्या लोकां’तलाच तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन, लिफ्ट बंद म्हणून, मला पाठुंगळी घेऊन चार मजले उतरला. धापा टाकत म्हणत होता, “बाई, तोंड चालतंय म्हणजे डोकं शाबूत आहे.”

५ मार्च
त्या पोस्टखाली स्वतः लिहिलं — ही मी. पडले. कुणीही मारलेलं नाही.

उत्तर आलं, ‘आजी, घाबरू नका. तुमच्यावर दबाव आहे, कळतं आम्हाला.’ दुसरा म्हणतो, हे खातंच खोटं. जिच्यासाठी गळे काढतात, तिनं तोंड उघडलं की तीच खोटी. मला अक्कल शिकवणाऱ्यांत एकाला धड चार ओळी लिहिता येत नाहीत.

तिसऱ्यानं मला ओळखलं. ‘हिच्या बिल्डिंगखाली त्यांच्यातल्याचं दुकान आहे.’ पत्ताही दिला.

७ मार्च
इलेक्ट्रिशियनच्या दुकानाची पाटी फोडली, काचा फोडल्या. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. तो एकटा काचा झाडत होता. मी केरसुणी धरली तर हिसकावून घेतली. “बाई, टाके ओले आहेत अजून.”

लेक जाहिरात कंपनीतून दमून आली. म्हणाली, “आई, तू यात पडू नकोस. मतदान झालं की सगळे विसरतात.” पडू नकोस? पडले म्हणूनच तर फोटो निघाला.

८ मार्च
तोच डोळा घेऊन, पोस्टवर ज्यांचं चिन्ह होतं त्यांच्या प्रचार कार्यालयात गेले. माझ्या शाळेत, कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला तेच वाक्य साऱ्या वर्गासमोर पुन्हा म्हणायला लावत. दुसऱ्या खेपेला जीभ अडखळायचीच.

कार्यालयातल्या दाढीवाल्यासमोर ती पोस्ट धरून म्हटलं, “वाचा. मोठ्यानं. माझ्याकडे बघून.”

‘माउलीला’पर्यंत आला आणि आवाज बसला. बाकीचे आपापल्या मोबाइलात तोंड खुपसून.

“आजी, आम्ही नुसतं पुढे पाठवतो. फोटो, मजकूर, सगळं कंपनीकडून येतं.”

कुठल्या कंपनीकडून? त्यानं नाव सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तेच नाव.

घरापर्यंत चालत आले. रिक्षावाल्याशी बोलायचंही त्राण नव्हतं.

९ मार्च
लेकीची कंपनी. फोटोही तिनेच काढलेला, डॉक्टरांना सूज दाखवायला म्हणून.

विचारलं. नाही म्हणाली नाही. “मजकूर दुसऱ्यानं लिहिला गं. मी फक्त फोटो दिला. तुझा चेहरा लोकांना खरा वाटतो.” मग, “बाहेर कळलं तर नोकरी जाईल माझी.”

“त्याचं दुकान गेलं,” मी म्हटलं.

“तो तुझा कोण लागतो?”

मी वाढलेलं ताट तिनं सरकवलं. मीही जेवले नाही. एवढीशी होती तेव्हा ताप आला की माझाच पदर धरून झोपायची. ते आठवू नये म्हणून कपाट आवरत बसले. आठवायचं ते आठवलंच.

१० मार्च
पोलीस चौकी. खोट्या पोस्टच्या तक्रारीत हवालदार ‘अज्ञात व्यक्ती’ लिहायला लागला. थांबवलं. लेकीचं नाव सांगितलं, आडनावासकट. शेजारी बसलेला इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला, “बाई, नको.”

मी हवालदाराला म्हटलं, लिहा.