कुटुंबाला तीस मार्क

३ नोव्हेंबर, एटापल्ली

शेवटी मुंबईत कुणाला तरी सुचलं. जिल्ह्याची प्रगती नुसत्या दरडोई उत्पन्नावर मोजणं पुरेसं नाही, माणसं खुशाल आहेत का तेही मोजा. ‘खुशाली सर्वेक्षण’, प्रायोगिक, चंद्रपूर आणि गडचिरोली. एटापल्ली तालुक्याचा सुपरवायझर मी, व. ना. खोब्रागडे, सांख्यिकी सहायक. ऑफिसात दुसऱ्या कुणी नाव दिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

हे काम नीट झालं की चंद्रपूरला बदली पक्की. तिथून ऊर्जानगर हाकेच्या अंतरावर. बायको, संघप्रिया, तिथल्या वीज केंद्राच्या ऑफिसात आहे, क्वार्टर तिच्याच नावावर. ती, आमची मुलगी नंदिनी आणि मी, संध्याकाळचा चहा. तीन वर्षं इथे काढली. आता एक रिपोर्ट, की सुटलो.

संकल्प: रोज स्वतःचाही निर्देशांक काढायचा. शंभर मार्क. झोप २०, जेवण २०, तब्येत १५, कामातला मान १५, कुटुंब ३०. कुटुंबाला सगळ्यात जास्त दिले. मी मुळात कुटुंबवत्सल माणूस.

आजचा स्कोअर ६४. झोपेने घात केला. रात्रभर खाणीचे ट्रक.

ता.क. मुंबईच्या ड्राफ्टमध्ये एकटेपणावर एक प्रश्न आहे. काढून टाका म्हणून कळवणार. या भागात लागू होत नाही.

७ नोव्हेंबर

ट्रेनिंग घेतलं. चार प्रगणक, त्यातली लिहून घेणारी एकटी डिंपल. सिंदेवाहीची, बी.एस्सी., कंत्राटी.

कुटुंब म्हणजे काय, यावर तासभर बोललो. सर्वेक्षणात रक्ताचं नातं बघायचं नाही, चूल बघायची. गेल्या सहा महिन्यांत जो बहुतेक दिवस त्या चुलीवर जेवला तो कुटुंबात. बाकी सगळे बाहेर. डिंपलने हात वर केला. “सर, पोरगा नागपूरले शिकाले गेला तं?” बाहेर. “अन् नवरा कामासाठी दूर राह्यते, पैसे पाठोते, तं?” बाहेर! मी हवेतच रेघ मारून दाखवली. ती म्हणाली, “पन सर, त्या बाईले असं विचारनं बरं नाई वाटत.” मी म्हणालो, आकड्यांत माया आणायची नाही.

वर्ग एकदम शांत झाला. परिणामकारक शिकवणं याला म्हणतात. स्कोअर ७०.

९ नोव्हेंबर, रविवार

संघप्रियाचा फोन. नंदिनीला पाहायला पुढच्या रविवारी पाहुणे येणार. मुलगा आयुष, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला. “तुमी येता का?” मी तिला सर्वेक्षणाचा सध्याचा टप्पा किती नाजूक आहे ते समजावून सांगितलं. ती “बरं” म्हणाली. समजूतदार बाई आहे. दुसरी असती तर भांडली असती.

बोलणं फार झालं नाही. कुटुंबाला तीसपैकी नऊ द्यावे लागले. मग विचार केला, अंतर ही काही माझी चूक नाही. अशा वेळी शास्त्र ‘समायोजन’ करायला सांगतं. कुटुंब २० वर आणलं, उरलेले दहा झोपेला दिले. ट्रकची आता सवय झालीय.

स्कोअर ७२. पद्धत सुधारली की वास्तव दिसायला लागतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरमालकीण गिरजाबाई. त्यांच्या घरामागची खोली माझी, दोन्ही वेळचं ताटही त्यांच्याकडून येतं. आज ताट ठेवता ठेवता विचारतात, “साहेब, कोनाशी बोलून राह्यले?” म्हटलं, प्रेझेंटेशनची तयारी करतोय. “दिवाळीपासून रोज रातच्याला तेच चालू आहे का?” मी हो म्हणालो. त्यांना मोठ्या कामाच्या तयारीची कल्पना असणं शक्य नाही.

ऊर्जानगरला तीनदा फोन लावला. उचलला नाही, पाहुण्यांत असतील. संध्याकाळी नंदिनीने फोटो पाठवला. मुलगा निळ्या शर्टात, जरा घाबरलेला, चांगला वाटला. मी अंगठा पाठवला. आणखी काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ फोन हातात धरून बसलो. सुचलं नाही. दुसरा अंगठा पाठवला.

२१ नोव्हेंबर

पहिलं गाव. पहिलं घर लालसूचं. अंगणात चटईवर धान वाळत घातलेलं, त्याच्या कडेने आम्ही बसलो. डिंपलने विचारलं, शून्य ते दहामध्ये तुम्ही किती खुश? लालसू माडिया आदिवासी, मराठी मोजकीच बोलतो. विचार करून म्हणाला, चार. का? तर सकाळी रानमांजराने कोंबडी नेली. “उद्या ये. सात सांगतो.”

एका कोंबडीने जिल्ह्याचा निर्देशांक हलता कामा नये. मी डिंपलला म्हणालो, चार आणि सात, सरासरी साडेपाच लिहा. तिने चार लिहिलं. वर मलाच म्हणते, “सर, आज तं तो चारच आहे ना.”

पुढचा प्रश्न: अडचणीत कुणाला हाक मारू शकता? आम्हाला फक्त आकडा हवा होता. लालसूने नावं सांगायला सुरुवात केली. आपल्या टोल्याची, म्हणजे पाड्याची, संपवून नाल्यापलीकडच्या टोल्यावर पोचला तेव्हा त्याला थांबवलं. आमच्याकडे शेवटचा पर्याय ‘पाचपेक्षा जास्त’ एवढाच आहे. मग तो माझ्याकडे वळला. “तुझे सांग.”

सुपरवायझरने उत्तर द्यायचं नसतं, असा नियम आहे, मी म्हणालो. असा नियम नाही. पण असायला हवा, तशी सूचना करणार आहे.

२८ नोव्हेंबर

नंदिनीचं जमलं! साखरपुडा, म्हणजे आमच्याकडचं साक्षगंध, १४ डिसेंबर, रविवार, दुपारी चारला, ऊर्जानगरलाच. संघप्रिया म्हणाली, “त्या दिवशी तरी या.” हे काय सांगणं झालं? मुलीचा बाप आहे मी. फोन ठेवताच रजेचा अर्ज लिहिला.

प्लॅन: आदल्या दिवशीच पोचायचं. नवा शर्ट. दोन्हीकडच्या मंडळींसमोर पाच मिनिटं बोलायचं. संसारात आकडेवारीचं महत्त्व, हा मुद्दा घालावा की नाही, विचार चालू आहे. गिरजाबाईंना बातमी सांगितली. त्यांनी लगेच आतून गूळ आणून हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “आता तं जासान ना घरी?”

स्कोअर ८३. आज मार्कांना हातही लावला नाही. झोप, जेवण सगळं तेच, तरी वीस मार्कांच्या कुटुंबाने एकट्याने ओढून नेलं. आश्चर्य आहे.

६ डिसेंबर

सकाळी विहारात जाऊन मेणबत्ती लावून आलो. परत येतो तर निरोप. मुंबईचे मोठे साहेब दौऱ्यावर येतायत. १४ तारखेला सकाळी अकराला गडचिरोलीच्या विश्रामगृहात मला दहा मिनिटं दिलीत. मला! नावानिशी!

शांतपणे हिशोब केला. अकरा ते अकरा दहा प्रेझेंटेशन. बाराची बस. मूलमार्गे चंद्रपूर, ऊर्जानगरला तीनच्या आत. साक्षगंध चारला. म्हणजे तासभर हातात राहतोच. शिवाय बदलीची बातमी घेऊन पोचेन, नंदिनीला याहून मोठा आहेर कोणता?

संघप्रियाला सांगितलं. ती म्हणाली, “तुमाले जमते तसं करा.” हा पाठिंबा फार कमी नवऱ्यांना मिळतो.

१४ डिसेंबर, गडचिरोली, विश्रामगृह

सकाळी १०.३०. पोचलो. नवा शर्ट अंगावरच घातला. लॅपटॉप चार्ज आहे.

१२.१५. साहेब सकाळी जंगल बघायला गेलेत. वाघ दिसायचा बाकी आहे म्हणे. एकची बस धरू.

२.००. वाघ अजून नाही. अडीचच्या बसने पाचला पोचतो. साक्षगंध कुठे वेळेवर सुरू होतं? फोटो तर शेवटीच काढतात.

३.४०. नंदिनीचा मिस्ड कॉल. मीटिंगसाठी फोन सायलेंटवर ठेवला होता. मीटिंग नव्हती, पण तयारी असलेली बरी.

४.५०. साहेब आले. उभ्या उभ्या पहिली स्लाइड पाहिली. म्हणाले, एकच आकडा सांगा. म्हटलं, ६८. मागच्या वर्षी किती होता? म्हटलं, सर, हे पहिलंच वर्ष आहे. “मग प्रगती कशी दाखवायची?” आणि हात धुवायला गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, मेल करून ठेवा.

मेल केला.

रात्री जाऊन थकलेल्या माणसांच्या झोपा मोडण्यात अर्थ नव्हता. एटापल्लीकडची गाडी समोरच उभी होती, तिच्यात बसलो. आजचा आकडा अपवादात्मक असल्यामुळे सरासरीत धरत नाही.

१९ डिसेंबर

संघप्रियाचा फोन. मीच करणार होतो, रोज ठरवत होतो.

साक्षगंधाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, आमच्या क्वार्टरच्या लाईनमध्येही तुमचं ते सर्वेक्षण आलं. एक पोरगी आली होती. तिने विचारलं, या चुलीवर कोण कोण जेवते? “मी म्हनलं, मी अन् नंदिनी.” आणि साहेब? “म्हनलं, पावसाळ्यापासून इथी किती डाव जेवले ते तुमीच धरा. तिनं तुमचं नाव नाई घेतलं.” मग मला विचारते, “बरोबर सांगितलं ना मी?”

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती, त्या विषयातला माणूस म्हणून. मी म्हणालो, अगदी बरोबर. इथेच बहुतेक बायका भावनेच्या भरात चुकतात, तू आदर्श उत्तर दिलंस. ती म्हणाली, “नंदिनी शेवटपर्यंत दाराकडे पाहून राह्यली होती,” आणि फोन ठेवला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दिवा न लावता बसून राहिलो.

नंतर विचार केला. जे लागू नाही त्याला मार्क देणं शास्त्रात बसत नाही. कुटुंबाचे वीसही काढले. झोप, जेवण, तब्येत, मान यांत वाटून टाकले. स्कोअर ९१. लालसू चारवर, तालुका ६८ वर. म्हणजे आजमितीला एटापल्ली तालुक्यातला सगळ्यात खुशाल माणूस मी आहे. गिरजाबाईंना हे सांगितलं. त्या ताटाकडे बघून म्हणाल्या, “मंग जेवून काऊन नाई राह्यले?”

नियमाने मी आता गिरजाबाईंच्या कुटुंबात मोडतो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार, ऊर्जानगर

आलो. कुणाला कळवलं नाही. बदलीचं काही नाही, रिपोर्टचं काही नाही, कारणच काही नाही. पहाटे जाग आली आणि घरी जावंसं वाटलं, एवढंच. गिरजाबाईंनी नंदिनीसाठी मोहाचे लाडू बांधून दिले. बसमध्ये पाचही तास डबा मांडीवर धरून बसलो. काय बोलायचं ते सगळं ठरवलं. आधी नंदिनीची माफी मागायची. मग संघप्रियाला सांगायचं, मला तिथे राहवत नाही.

दाराला कुलूप. किल्ली शोधायला खिशात हात घातला तेव्हा लक्षात आलं, या घराची किल्ली माझ्याकडे कधी नव्हतीच.

शेजारचं दार उघडलं. नव्या राहायला आलेल्या कुणी दुर्गाबाई. “कोनाकडे आले भाऊ?” खोब्रागडेंकडे, म्हणालो. “पाहुने का?”

मी हो म्हणालो.

“बाई अन् पोरगी सिंदेवाहीले गेल्या सोयऱ्याकडे. सांजच्यानं येतीन. बसा, पानी आनतो.” खुर्ची बाहेर आणून ठेवली, पाणी दिलं, मागोमाग बशीत पोहे. कोणत्या गावचे, काय करता, विचारून गेल्या. भली बाई. आमच्या गॅलरीत दोरीवर नंदिनीची ओढणी वाळत होती. मी पोहे खाल्ले.

संघप्रियाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे खूप आवाज, हसणं, भांडी, कुणीतरी नंदिनीला हाक मारत होतं. “कुठी आहा?” तिने विचारलं.

सांगितलं असतं तर बिचाऱ्या ताटावरून उठून आल्या असत्या. एटापल्लीला, म्हणालो.

“जेवले का?” हो.

“नंदिनी विचारून राह्यली, बाबा कवा येतीन म्हनून.”

बघतो, म्हणालो. इथे कामाचा लोड फार आहे.