जीप कोण चालवत होतं

मी, सिद्धेश्वरी ईश्वरप्पा हत्तुरे, वय वर्षे सदुसष्ट, अविवाहित, सेवानिवृत्त, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाच्या धाकाने लिहीत नाही. डॉ. विरेश कोनापुरे यांनी काल मला तपासले. त्यांनी मला वार आणि तारीख विचारली. मी त्यांना विचारले की तुम्ही कोणत्या शाळेत होता, वसतिगृहात राहिलात का, खोलीत कोण कोण होते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला त्यांनी लगेच लिहून दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. माझी भाची सृष्टी हिला माझे दागिने, स्कूटर आणि बँकेतील ठेवी द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती चौकस आहे, मधेच कंटाळणार नाही.

दोन. माझा धाकटा भाऊ गुरुशांत याने मैंदर्गीच्या शेतातील माझा हिस्सा मला न विचारता कसायला दिला, आणि माझ्या नोकरीला चारचौघांत 'हात पसरायची नोकरी' म्हटले. तो हिस्सा मी त्यालाच देते. शब्द मात्र मी विसरलेले नाही, हे त्याला कळावे म्हणून इथे लिहिले.

तीन. ती नोकरी काय होती हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत. माढ्याच्या रस्त्याला असलेल्या सोनमाळ निवासी विद्यालयात मी १९९४ साली कारकून म्हणून लागले. पुढे माजी विद्यार्थी संपर्क व देणगी विभागाची प्रमुख झाले आणि २०१८ साली निवृत्त झाले. शाळा सोडून गेलेली मुले कुठे आहेत, काय करतात, कोणाचे लग्न झाले, कोणाचे मोडले, हे शोधत राहायचे आणि योग्य वेळी शाळेसाठी मदत मागायची, हे माझे काम. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावायची मला लहानपणापासून खोड होती. शाळेने त्या खोडीचा पगार दिला.

चार. १९९१ च्या दहावीच्या तुकडीची यादी करताना रजिस्टरमध्ये मला एका नावावर तांबडी रेघ दिसली. जोतिराम धोंडीराम लोकरे. शेजारी शेरा होता, 'नववीत नाव कमी केले.' कारण लिहिलेले नव्हते. मी त्याच्या गावच्या पत्त्यावर तीन पत्रे टाकली, तिन्ही परत आली. मेळाव्यात त्याच्या वर्गमित्रांना विचारले तर ते चहा आणायला उठले. एवढी मोठी माणसे एका नावाला का बिचकतात, हे मला कळेना. त्यामुळे मी ते नाव सोडले नाही.

२०१४ साली मेळाव्यासाठी शाळेचे चिन्ह विणलेले टॉवेल हवे होते, म्हणून मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेले. तिथे माग दुरुस्त करणारा जॉबर नमुना हातात घेऊन म्हणाला,

"मॅडम, पणतीची ज्योत उलटी हाय. ती डाव्या अंगाला झुकलेली हुती."

चिन्ह बदलल्याला दहा वर्षे झाली होती. जुने चिन्ह बाहेरच्या माणसाला ठाऊक असायचे कारण नव्हते.

"तुम्ही कुठं पाहिलंत?"

"खिशावर. चार वर्षं शर्ट घातलाय की."

मी नाव विचारले. त्याने सांगितले आणि मी तिथल्या सुताच्या पोत्यावर बसले. वीस वर्षे शोधलेला माणूस माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होता.

पाच. जोतिरामने मला जे सांगितले ते असे. त्याची आई सोनाबाई शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक करायची, म्हणून त्याला फी माफ होती. नववीत असताना एका रविवारी दुपारी चार मुलांनी शाळेची जीप बाहेर काढली. ती कालव्यात गेली. गाडी चालवत होता अभिमन्यू, विश्वस्त पृथ्वीराज घाडगे यांचा मुलगा. जोतिराम मागे बसला होता. अभिमन्यूला दंडाला धरून त्यानेच बाहेर काढले.

"मग तुमचं नाव कसं आलं?"

"मला जीप चालवता येती, हे समद्यांना ठावं हुतं. ड्रायव्हरमामांनी शिकवलेली. बाकीचे बोलले न्हाईत."

"तुम्ही बोललात?"

"बोललो की. आईबी ऐकंना. तिला अजून वाटतं, मीच चालवली."

दुसऱ्या दिवशी त्याने शाळा सोडल्याचा दाखला आणून दाखवला. त्यावर लिहिले होते, 'वर्तणूक : असमाधानकारक.' दोन शाळांनी तो वाचून परत दिला. तिसऱ्या शाळेत तो गेलाच नाही, मागावर गेला. दोन महिन्यांनी सोनाबाईंचीही नोकरी गेली.

सहा. मी त्याच आठवड्यात मुख्य विश्वस्तांकडे गेले. दाखला दुरुस्त करून द्यावा, एवढेच मागितले. ते म्हणाले, "मॅडम, मुलींच्या वसतिगृहाचा पाया खणून झालाय. पैसे अभिमन्यू घाडगे देतायत. हे आत्ताच कशाला?" ती देणगी मीच मिळवली होती. मी गप्प राहिले. वसतिगृह झाले, मुली राहायला आल्या, उद्‌घाटनाला मी नवी साडी नेसले. निवृत्त झाल्यावर बोलेन असे मनाशी म्हटले होते, तेव्हाही बोलले नाही. हा दोष माझा आहे आणि तो मी कोणाच्याही वाट्याला देत नाही.

सात. यंदा हृदयाचा त्रास सुरू झाला. तेव्हा जोतिरामच्या घरी जाऊन मी विचारले, की माझ्या पश्चात माझा फ्लॅट तुम्हाला दिला तर घ्याल का.

"फ्लॅट नको मॅडम. तुमी कागद द्या. आई हाय तवर तिला वाचून दाखवायचाय."

म्हणून मी ठरवते की माझा फ्लॅट सोनमाळ निवासी विद्यालयाच्या विश्वस्त संस्थेला मिळावा, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत संस्थेने जोतिराम लोकरे यांना दुरुस्त दाखला द्यावा. त्यावर 'वर्तणूक : चांगली' असे लिहिलेले असावे आणि मुख्य विश्वस्तांनी तो स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्यावा, टपालाने पाठवू नये. तसे न झाल्यास फ्लॅट जोतिराम यांचा, त्यांची इच्छा असो वा नसो. नोकरीत मी देणगीदारांच्या अटी ऐकल्या. कोणाला कोनशिला हवी होती, कोणाला भाच्याला प्रवेश. संस्थेने कधी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. माझ्या अटीला काय म्हणतील, ते पाहायला मी हवी होते.

आठ. गेल्या सोमवारी मी पुण्याला जाऊन अभिमन्यू घाडगे यांना भेटले. त्यांनी चहा मागवला आणि हसून विचारले, "आता काय बांधायचंय मॅडम?"

"काही नाही. एक विचारायचं आहे. जीप कोण चालवत होतं?"

त्यांनी कप बाजूला सरकवला.

"त्याने काय सांगितलं?"

"त्याचं मी ऐकलंय. तुमचं ऐकायला आलेय."

"मी," ते म्हणाले. "वडिलांनी मला आठ दिवस घरी ठेवलं. परत आलो तर त्याच्या कॉटवरची गादी गुंडाळलेली होती. मी कोणाला विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही, आजपर्यंत."

मी त्यांना सांगितले की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण तुम्ही आलात तर तुम्हाला वाचावे लागेल, आणि वाचून मगच सही करावी लागेल. मी निघताना त्यांनी फक्त सोनाबाई कुठे राहतात ते विचारले. मी पत्ता लिहून दिला.

शनिवारी सकाळी अकराला मी सही करणार आहे. ते येतील का, याचा मला अंदाज येत नाही. एवढी माणसे ओळखली, याच्याबाबत मात्र सांगता येत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवते. ते न आल्यास शेजारचे शिवानंद म्हेत्रे सही करतील.

येथवरचा सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. तो बरोबर आहे. पुढील दोघांच्या समक्ष मी सही करते.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५

(सही) सिद्धेश्वरी ईश्वरप्पा हत्तुरे

साक्षीदार १ : (सही) डॉ. विरेश कोनापुरे, सोलापूर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २ : (सही) अभिमन्यू पृथ्वीराज घाडगे, पुणे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी सर्व मजकूर वाचला. कलम पाच खरे आहे, जीप मी चालवत होतो. येथे येण्यापूर्वी आज सकाळी सोनाबाई लोकरे यांच्या घरी जाऊन मी त्यांना हे सांगितले. त्यांनी ते दोनदा सांगायला लावले. मग उठून दारात गेल्या आणि जोतिरामला हाक मारली.